जुन्या जीपचा विमा : पन्नास वर्षांचा मागोवा

सातारा, कोल्हापूर, जुन्नर, आंबेगाव या पट्ट्यात जुनी जीप अजून कामावर आहे. पावसाळ्यात वाडीवरचा आजारी माणूस खाली आणायचा असो की घाटमाथ्यावरच्या शाळेत शिक्षकांना पोचवायचे असो, चिखलाच्या चढावर तीच जाते. विलीजच्या साच्यातली महिंद्रा, डिझेलची एमएम 540, मारुतीची जिप्सी, कुठे लष्कराच्या लिलावातून आलेली जोंगा. या गाड्यांच्या मालकांना दरवर्षी एकच प्रश्न सोडवावा लागतो : दीड-दोन लाख किमतीच्या गाडीवर विम्यासाठी किती खर्चायचे आणि त्या पैशात नेमके काय मिळवायचे? कायदा, न्यायालये आणि बाजार यांनी या प्रश्नाचे उत्तर गेल्या पन्नास वर्षांत अनेकदा बदलले. तो सगळा काळ ओळीने पाहिला की एक गोष्ट लख्ख दिसते. दर ठरवणाऱ्यांनी नव्या मोटारीचा विचार केला, संग्रहातल्या दुर्मीळ मोटारीचाही केला. मधल्या वयाच्या, राबणाऱ्या जीपचा कधी केलाच नाही.

थर्ड पार्टी विम्याची सक्ती आपल्याकडे स्वातंत्र्याआधीची. 1939 च्या मोटार वाहन कायद्यातली ही तरतूद 1946 पासून अमलात आली. 1 जानेवारी 1973 रोजी सर्वसाधारण विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले आणि शंभरहून अधिक कंपन्या चार सरकारी कंपन्यांत विलीन झाल्या : नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया. एकाच दरपत्रकामुळे दर सगळीकडे सारखेच असल्याने चार ठिकाणी चौकशी करून काही हाती लागत नसे. तालुक्याच्या गावचा एजंट किती तत्पर आणि शाखेतले अधिकारी गाडी पाहून काय म्हणतात, एवढ्यावर काम चाले.

त्या दरपत्रकाची शेवटची मोठी आवृत्ती 2002 सालची. तिच्यात देशाचे दोन विभाग होते. मुंबई-पुण्यासह आठ शहरे पहिल्या विभागात, उरलेला देश दुसऱ्या विभागात. दुसऱ्या विभागातल्या 1500 सीसीवरच्या खासगी गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचा दर पाच वर्षांच्या आत 3.343 टक्के आणि दहा वर्षांनंतर 3.594 टक्के होता. म्हणजे गाडी म्हातारी झाली म्हणून दर फारसा चढत नव्हता. दोन लाखांच्या जुन्या जीपला या भागासाठी 7,188 रुपये पडत. शिवाय पाच वर्षांवरच्या आणि बंद पडलेल्या मॉडेलच्या गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवावी, असे तिथे स्पष्ट लिहिले होते. जुन्या गाडीच्या मालकाला मिळालेला सर्वांत मोलाचा हक्क हाच. बिले जपणारा, इंजिनाचे काम करून घेतल्याचे पुरावे दाखवणारा मालक या कलमावर बोट ठेवून योग्य किंमत मागू शकत असे.

त्याच दरपत्रकात विंटेज मोटारींना सवलत होती. पण विंटेज म्हणजे 31 डिसेंबर 1940 पूर्वी बनलेली, क्लबने प्रमाणित केलेली गाडी. विलीज जीपचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू झाले 1941 मध्ये. दुसऱ्या महायुद्धात लढलेली जीपसुद्धा या रेषेच्या अलीकडे राहिली. मग स्वातंत्र्यानंतर मुंबईत जुळवलेल्या जीपला कोण विचारणार?

1 जानेवारी 2007 रोजी स्वतःच्या नुकसानीच्या विम्याचे दर मोकळे झाले. खासगी कंपन्या सहा-सात वर्षांपूर्वीच बाजारात आल्या होत्या, आता स्पर्धा खऱ्या अर्थाने सुरू झाली. तिचा फायदा नव्या मोटारींना भरपूर मिळाला. जुन्या फोर बाय फोरच्या वाट्याला उलटे आले. नव्या गाडीवर घसघशीत सूट देणारी कंपनी पंधरा वर्षांवरच्या जीपसाठी फुल इन्शुरन्सचा पर्यायच दाखवत नाही, हा अनुभव अनेक मालकांना येऊ लागला. गाडी पाहून, फोटो काढून, तपासणी करून विमा देणारी शाखा शोधावी लागे. ती बहुधा जुन्या सरकारी कंपनीचीच निघे. झीरो डेप्रिसिएशन आणि इंजिन संरक्षण ही नवी जोड-कवचे तर प्रामुख्याने तरुण गाड्यांसाठीच आली. पॉलिसीतल्या घसाऱ्याच्या तक्त्यात मात्र काही बदलले नाही. दहा वर्षांवरच्या गाडीच्या धातूच्या सुट्या भागांवर 50 टक्के कपात, रबर-प्लास्टिकवर वयाचा विचार न करता 50 टक्के. ज्या जीपचे बहुतेक अंग पत्र्याचे आणि लोखंडाचे, तिच्या मालकाला फुल इन्शुरन्स घेऊनही सुट्या भागांचे निम्मे बिल स्वतः भरावे लागते.

याच काळात थर्ड पार्टीचा हप्ता वर चढला. हा दर कंपन्या ठरवत नाहीत. आधी विमा नियामक तो दरवर्षी जाहीर करत असे. 2022 पासून रस्ते वाहतूक मंत्रालय अधिसूचना काढते. 1500 सीसीवरच्या खासगी गाडीसाठी 2014-15 मध्ये तो 4,109 रुपये होता, 2016-17 मध्ये 6,164 झाला आणि 2017-18 मध्ये 7,890. जून 2022 पासून तो 7,897. वर 18 टक्के जीएसटी धरला तर 9,300 रुपयांच्या पुढे जातो. याच दरपत्रकात 1000 सीसीपर्यंतच्या गाडीला 2,094 आणि 1000 ते 1500 सीसीच्या गाडीला 3,416 रुपये आहेत.

आता या तीन रकान्यांत आपल्या गाड्या बसवून पाहाव्यात. 970 सीसीची पहिली जिप्सी सर्वांत खालच्या रकान्यात, 1298 सीसीची जिप्सी किंग मधल्या. एमएम 540 चे प्युजो डिझेल इंजिन 2112 सीसीचे, विलीजचे जुने पेट्रोल इंजिनही दोन लिटरवरचे, जोंगाचे तर जवळपास चार लिटरचे. हे सगळे वरच्या रकान्यात, वीस-तीस लाखांच्या नव्या एसयूव्हीच्या पंक्तीला. वर्षाकाठी थोडेच किलोमीटर धावणारी, ताशी साठच्या वर क्वचित जाणारी जीप रस्त्यावरच्या तिसऱ्या माणसाला तेवढाच धोका निर्माण करते का? सीसीच्या मापाने हा प्रश्न कधी विचारलाच गेला नाही, आणि मला तो अन्याय वाटतो.

दर वाढत असताना कागदपत्रांकडेही लक्ष गेले. जुन्या जीपच्या बाबतीत खरे नुकसान इथेच होते. पहिला मुद्दा मालकीचा. गाडी तीन हातांतून गेलेली असते आणि आरसी, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्र, पहिल्याच मालकाच्या नावावर राहते. सर्वोच्च न्यायालयाने 1995 मध्ये स्पष्ट केले की गाडी विकली गेल्यावर थर्ड पार्टीचे संरक्षण नव्या मालकाकडे आपोआप जाते, पण स्वतःच्या नुकसानीचे जात नाही. त्यासाठी पॉलिसी नावावर करून घ्यावी लागते. कायद्याने यासाठी चौदा दिवसांची मुदत दिली आहे. 2018 मध्ये याच न्यायालयाने आरसीवर ज्याचे नाव तोच जबाबदार, हेही ठामपणे सांगितले. जीप विकून मोकळा झालेला शेतकरीसुद्धा नाव बदलले नसेल तर अपघाताच्या भरपाईतून सुटत नाही.

दुसरा मुद्दा गाडीत केलेल्या बदलांचा. दुसऱ्या बनावटीचे डिझेल इंजिन, रुंद टायर, कापलेली बॉडी, वाढवलेली उंची हे जीपवाल्यांच्या आवडीचे विषय. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा अर्थ लावताना मूळ रचनेबाहेरचे बदल चालणार नाहीत, असा निर्णय दिला. आरसीवरचा इंजिन क्रमांक आणि बॉनेटखालचा क्रमांक जुळला नाही तर सर्वेअर क्लेमच्या पहिल्याच पानावर थांबतो. हप्ता कितीही कमी भरला असला तरी तो विमा मग महागच पडतो.

तिसरा मुद्दा वापराचा. खासगी पासिंगची जीप वडापला लावणे आपल्याकडे वर्षानुवर्षे चालत आले आहे, आणि खासगी पॉलिसी भाड्याच्या वापराला लागू होत नाही. यात एक दिलासा आहे. अशा अटीचा भंग झालेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितले की क्लेम पूर्णपणे नाकारू नये, काही कपात करून द्यावा. पण या दिलाशावर विसंबून वडाप चालवू नये. त्यात जखमी झालेल्या प्रवाशाच्या भरपाईचा प्रश्न मागे उरतोच.

हौसेने डोंगरात जाणाऱ्यांनी पॉलिसीतली आणखी एक ओळ वाचायला हवी. शर्यती, वेगचाचण्या आणि रिलायबिलिटी ट्रायल यांत झालेले नुकसान तिच्यात धरलेले नाही. रॅलीसाठी वेगळे पृष्ठांकन दरपत्रकात होते, ते आधी मागून घ्यावे लागते. ओढ्यात बंद पडलेली गाडी पाण्यातच पुन्हा सुरू करणे हा तर क्लेम गमावण्याचा सरळ मार्ग आहे. 26 जुलै 2005 च्या मुंबईतल्या पुरानंतर हजारो मोटारमालकांना हा धडा मिळाला. पुराचे नुकसान पॉलिसीत होते, पण पाणी शिरलेल्या इंजिनाला स्टार्टर मारल्याने झालेली मोडतोड वादात अडकली.

गेल्या काही वर्षांत दोन बरे बदल झाले. 2021 मध्ये केंद्राने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात राखलेल्या वाहनांसाठी विंटेज नोंदणीचे नियम आणले. साठच्या दशकातली विलीज आता सन्मानाने नोंदवता येते, पण ती रोज वापरता येत नाही. जुलै 2022 मध्ये नियामकाने जेवढे चालवाल तेवढा हप्ता, या धर्तीच्या योजनांना परवानगी दिली. कमी चालणाऱ्या जुन्या जीपसाठी याहून न्याय्य योजना दुसरी नाही. दुर्दैवाने ती केवळ स्वतःच्या नुकसानीच्या भागाला लागू आहे, आणि तो भागच जुन्या जीपला सहज मिळत नाही.

मग परवडणारा विमा कसा मिळवावा? या साऱ्या काळातून माझ्यापुरता निघालेला निष्कर्ष असा. थर्ड पार्टी आणि मालक-चालकाचे 15 लाखांचे अपघात कवच यांत कधीही काटकसर करू नये. तिथे माणसांच्या जिवाचा हिशेब असतो. स्वतःच्या नुकसानीपैकी पत्र्याचे पोचे आणि बारीकसारीक दुरुस्ती आपल्या खिशातून करण्याची तयारी ठेवावी. सगळी गाडीच जाण्याचा धोका मात्र कंपनीवर टाकावा. थर्ड पार्टीसोबत आग आणि चोरी एवढेच मर्यादित संरक्षण घेण्याची सोय जुन्या दरपत्रकात होती. ती आवर्जून मागावी. सगळीकडे मिळत नाही, पण न मागता तर कुठेच मिळत नाही. आयडीव्हीची बोलणी बिले आणि फोटो पुढे ठेवून करावीत. पॉलिसी संपल्यावर नव्वद दिवसांच्या आत नूतनीकरण न केल्यास नो क्लेम बोनस जातो, म्हणून तारीख चुकवू नये. आणि कंपनीने अन्याय केला तर मुंबई व पुण्यातल्या विमा लोकपालाकडे जावे. तिथे तक्रारीला फी लागत नाही.

एवढे सगळे मालकाने केले तरी एक काम सरकार आणि नियामकानेच करायचे उरते. पंधरा ते पन्नास वर्षे वयाच्या, तपासणीत उत्तीर्ण झालेल्या गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग हवा. त्यात आधीच ठरवलेली किंमत असावी, आणि थर्ड पार्टीचा हप्ता सीसीबरोबर प्रत्यक्ष धावण्यावरही ठरावा. मोटारीतल्या यंत्रणेवरून किलोमीटर मोजणे आज अवघड राहिलेले नाही. चांगली निगा राखणाऱ्या मालकाला हप्त्यात त्याचा फायदा दिसला, तर विम्याविना रस्त्यावर फिरणाऱ्या जुन्या गाड्या आपोआप कमी होतील. त्याचा लाभ शेवटी रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या प्रत्येकाला होईल.