अमानतीचे कोठार

मोरोक्कोच्या दक्षिणेकडील अँटी-अ‍ॅटलस पर्वतराजीत पाऊस बेभरवशाचा. एका वर्षी बार्ली भरघोस पिकावी, तर पुढची वर्षे कोरडी जावीत. या अनिश्चिततेवर तेथील आमाझिग ग्रामस्थांनी शतकांपूर्वी उपाय शोधला. तो म्हणजे ‘अगादिर’, अवघ्या गावाचे तटबंद धान्यकोठार.

अमतुदी गावाचे असे एक कोठार टेकडीच्या माथ्यावर उभे आहे. बाहेरून ते दगडी किल्ल्यासारखे भासते. आत मात्र लहान लहान खोल्यांची दाटी आहे. प्रत्येक कुटुंबाची खोली स्वतंत्र, दार लाकडी आणि कुलूपही लाकडीच. धान्य, बदाम व अर्गनचे तेल यांच्याबरोबर दागिने आणि दस्तऐवजही येथेच ठेवले जात. मुख्य दाराची राखण ‘अमीन’ करी. आपल्या पेढ्यांवर रुळलेला ‘अमानत’ हा शब्दही त्याच अरबी धातूतून आला आहे. चोरीला दंड किती, खोलीवर हक्क कोणाचा, असे नियम काही ठिकाणी लाकडी फळ्यांवर लिहिलेले असत. अचौर्य हे आपल्याकडे अणुव्रत. तेथे त्याच निष्ठेवर साऱ्या गावाचे अन्न विसंबून होते.

विसाव्या शतकात बाजारात धान्य मिळू लागले, तरुण शहरांकडे आणि परदेशी गेले. खोल्या रिकाम्या झाल्या. मातीच्या छपराला वेळोवेळी नवा लेप लागतो. लेप देणारे हात गेले की पाणी मुरते, तुळया कुजतात, भिंती ढासळतात.

मोरोक्कोच्या वास्तुविशारद व मानववंशशास्त्रज्ञ सलीमा नाजी यांनी अमतुदी आणि ऐत किन येथील कोठारांच्या जीर्णोद्धाराचे काम हाती घेतले. त्यांचा भर स्थानिक गवंडी आणि दगड, माती, लाकूड या मूळ साहित्यावर राहिला. मातीच्या भिंतीवर सिमेंटचा गिलावा वरून भक्कम दिसतो. पण तो आतला ओलावा कोंडतो आणि भिंत आतून पोखरली जाते. म्हणून जुन्या कारागिरांकडील ज्ञान वाचवणे हे भिंत वाचवण्याइतकेच निकडीचे ठरते.

दुष्काळात धान्याची कोठारे खुली करणाऱ्या भद्रेश्वरच्या जगडूशांचे स्मरण जैन समाज आजही आदराने करतो. संचयाची शोभा त्याच्या विनियोगात असते, हे आपण त्यांच्याकडून शिकलो. जीर्णोद्धाराचेही तसेच आहे. डागडुजी एकदा होते. पुढच्या पावसाआधी छपरावर मातीचा लेप चढवण्यास गावातले कोणी तरी वर गेले, तरच कोठार उभे राहते.