मे फ्लॉवरचे बारा कंद आणि तुमचा पहिला प्रयोग-आराखडा

मे फ्लॉवर, म्हणजेच फुटबॉल लिली, तुम्ही कुणाच्या तरी कुंडीत पाहिली असेल. हिवाळाभर कुंडी रिकामी दिसते आणि मे महिन्यात दांड्यावर लालभडक चेंडू उभा राहतो. मूळची ही आफ्रिकेतली. निशिगंधासारखी सर्रास विकत मिळत नाही, पण एक कंद मिळाला की काही वर्षांत बाजूला पिल्लं धरतात.

घरोघरी सांगतात, "वळीव पडला की फुलते." हे झालं निरीक्षण. कारण अजून सिद्ध व्हायचंय, कारण त्याच दिवसांत तापमानही वाढलेलं असतं. दोन्ही गोष्टी एकत्र बदलल्या तर श्रेय कुणाला देणार?

मग असं करा. फेब्रुवारीत कंद विश्रांतीत असतात. तेव्हा बारा कंद घ्या आणि वजन करा. वजनाने जवळच्या दोघांची एक जोडी, अशा सहा जोड्या लावा. प्रत्येक जोडीत नाणं उडवून ठरवा: एकाला १५ एप्रिलपासून पाणी, दुसरा कोरडा. वजन का? लहान कंद मुळात फुलत नाही, आणि तेवढ्याने निकाल फिरू शकतो. सगळ्या कुंड्या एकाच अर्धसावलीच्या जागी, पण वळवाचं पाणी पोचणार नाही अशा छपराखाली ठेवा. माती निचऱ्याची हवी, कंदाची मान मातीच्या पातळीला. कंदात विषारी अल्कलॉइड असतात, त्यामुळे मुलं आणि पाळीव प्राणी लांब ठेवा.

आता बघा, एका चेंडूत दोनशेपर्यंत फुलं असू शकतात. म्हणून तुमचा नमुना दोनशेचा होत नाही! पाणी कंदाला दिलंय, त्यामुळे एक कंद म्हणजे एक नमुना. या चुकीला हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये 'स्यूडोरेप्लिकेशन' हे नाव दिलं. मुलाखतीत यावर हमखास अडकायला होतं. आणि बाराही कंद एकाच आईची पिल्लं असतील तर ते क्लोन आहेत. निष्कर्ष त्या एका वाणापुरताच लिहायचा.

दोन्ही गट एकाच वेळी फुलले, तर "पाणी आवश्यक नाही" एवढंच म्हणता येतं. "तापमानामुळे फुलतं" हे त्यातून आपोआप सिद्ध होत नाही. त्यासाठी वेगळा प्रयोग लागेल. जे कंद फुललेच नाहीत, त्यांचीही नोंद वहीत हवी.

संदर्भ शोधताना एक लक्षात ठेवा. आजचं शास्त्रीय नाव स्कॅडॉक्सस मल्टिफ्लोरस. पण १९७६ मध्ये स्कॅडॉक्सस ही प्रजाती पुन्हा वेगळी मानली गेली. त्याआधीचं बरंचसं लेखन हिमॅन्थस या नावाखाली सापडतं. एकच नाव टाकलंत तर अर्धं साहित्य निसटेल.

फुलं गेल्यावर पानं कापू नका. याच कुळातल्या हिप्पेस्ट्रममध्ये कळी फुलण्याच्या कितीतरी महिने आधी कंदाच्या आत तयार झालेली असते. म्हणजे यंदाच्या पानांवर पुढचा बहर अवलंबून असू शकतो. पाणी पानं पिवळी पडेपर्यंत द्या.

हे झाड वर्षातून एकदाच उत्तर देतं. आराखडा चुकला तर पुढच्या मेपर्यंत थांबावं लागेल, आणि फेलोशिपची मुदत काही थांबत नाही. म्हणून नाणं उडवण्याआधी एक कागद घ्या: कोणता निकाल आला तर मी माझं मत बदलेन? ते लिहिता आलं, की मग कुंड्या भरा.