खांड

काका रेवदंड्याचे. माझ्या गावचे. टेबलावर डाव्या कुशीवर झोपवले होते. मुंबईत एंडोस्कोपीच्या खोलीत मी रोज मदतनीस असतो, पण गावचं माणूस समोर आलं की हात जरा जड होतो.

शौचावाटे रक्त जात होतं, तर कुणी मूळव्याधीचं मलम दिलं होतं. कापलं नाही हे नशीब. रक्त आवरलं नसतं. काकांचं लिव्हर हेपॅटायटिस बीनं कडक झालंय. आतड्यांचं रक्त त्यातून पुढे सरकेना, की ते उलटं फिरून आडवाटा शोधतं. एक वाट गुदाशयाच्या शिरांतून. मग त्या शिरा फुगतात. काका निरूपणाच्या बैठकीला जाणारे, दारूला कधी शिवले नाहीत. तरी लिव्हर म्हटल्यावर गावानं काय ते ठरवून टाकलंच.

सरांनी गुदाशयात पाणी भरलं, सोनोग्राफीची दुर्बीण आत सरकवली. पडद्यावर शीर म्हणजे काळं बीळ. डॉप्लर लावताच त्यात वाहत्या रक्ताचं लाल-निळं उसळलं. आधी सुईतून तारेचं वेटोळं सोडलं, बारीक धाग्यांची लव असलेलं. शीर बुजवायच्या ग्लूला धरायला काही नसेल तर तो वाहत फुफ्फुसापर्यंत जाऊ शकतो.

ग्लू माझ्याकडे. फेविक्विकचा चुलतभाऊच, रक्त लागलं की काही सेकंदांत दगड. म्हणून सगळ्यांच्या डोळ्यांवर चष्मे. सुईत सलाईन चालत नाही, ग्लू तिथेच गोठतो. डिस्टिल्ड वॉटरच हवं. "सोडा." ग्लू, मागोमाग पाणी, सुई बाहेर. रेंगाळलात तर सुई आतच चिकटते. सक्शनच्या बटणाला तर कुणी हातच लावायचा नाही. ओला ग्लू ओढला गेला की लाखोंची दुर्बीण गेली.

डॉप्लर पुन्हा लावला. रंग नाही.

संध्याकाळी काका सरांना म्हणाले, "खांड बुजवलीत. पण पाणी तेवढंच आहे ना?" खाडीकाठी भात लावलेला माणूस, बांधाला पडलेलं भगदाड म्हणजे त्याची खांड.

दाब उतरवायला गोळी आहे, सर म्हणाले. पुन्हा रक्त गेलंच, तर मानेच्या शिरेतून जाऊन लिव्हरमध्येच स्टेंट टाकून वाट काढायची. मात्र मग न गाळलेलं रक्त मेंदूकडे जातं, काहीजण बरळतात.

"म्हणजे उघाडी," काका म्हणाले. "झडप नसलेली."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. उघाडी म्हणजे बांधातलं पाणी बाहेर सोडायचं दार, त्याची झडप खाडीचं पाणी आत येऊ देत नाही. ते मग मी त्यांना कागदावर काढून दाखवलं.