वॉटर पंपाखालचा थेंब आणि चमचाभर हळद

मारुती ८०० चं उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबलं, तरी भोपाळच्या रस्त्यांवर ती अजून धावते आहे. वय झालेल्या या गाडीला हमखास जडणारं दुखणं म्हणजे वॉटर पंपाची गळती. पंपाला कुठेतरी भोक पडलंय, ते बुजवलं की काम झालं, अशी सर्रास समजूत असते. म्हणून कोणी एम-सील थापतं, कोणी रेडिएटरमध्ये चमचाभर हळद टाकतं. हळदीचा उपाय अगदीच निराधार नाही. रेडिएटरच्या नळीला सुईच्या टोकाएवढं भोक असेल, तर भुकटी तिथे अडकते आणि काही काळ पाणी थोपवून धरते. पंपाचं पाणी मात्र बहुतेक वेळा फिरत्या दांड्याच्या सीलमधून येतं, आणि मिनिटाला हजारो फेरे घेणाऱ्या दांड्याभोवती कुठलीही भुकटी टिकत नाही.

या दांड्याच्या एका टोकाला पाणी ढकलणारा इम्पेलर असतो, दुसऱ्या टोकाला पुली, मध्ये बेअरिंग. पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून कार्बन आणि सिरॅमिकच्या दोन गुळगुळीत चकत्या स्प्रिंगने एकमेकींवर दाबून बसवलेल्या असतात. पाण्याचा अत्यंत पातळ थर हेच त्यांचं वंगण. चकत्यांवर ओरखडे पडले की पाणी निसटतं, आणि त्याला बाहेर पडायला वाट हवी म्हणून बनवणाऱ्यांनीच पंपाच्या खालच्या अंगाला एक छोटं छिद्र ठेवलेलं असतं. आपल्याला दिसतो तो थेंब तिथला. एम-सीलने ते छिद्र बंद केलं की थेंब दिसेनासा होतो आणि मालकाला हायसं वाटतं. आत मात्र तेच पाणी बेअरिंगचं ग्रीस धुऊन काढायला लागतं. मग पुली डुगडुगते, बेल्ट किंचाळतो आणि एक दिवस बेअरिंग जाम होतं. ८०० मध्ये अल्टरनेटरही याच बेल्टवर फिरतो, म्हणजे बेल्ट गेला की बॅटरीचं चार्जिंगही गेलं.

‘रोज सकाळी पाणी टाकतो, तापमानाचा काटा कधी वर जात नाही,’ हे त्यावरचं नेहमीचं उत्तर. यात दोन फसव्या गोष्टी आहेत. भोपाळ समुद्रसपाटीपासून सुमारे ५०० मीटर उंचावर आहे; इथे उघड्या भांड्यातलं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. इंजिनातलं पाणी त्यापुढेही टिकतं ते रेडिएटरच्या झाकणाने धरून ठेवलेल्या दाबामुळे. त्या दाबाखाली उकळबिंदू ११५ अंशांच्या पुढे जातो. थेंब बारीक असेपर्यंत हा दाब कसाबसा राहतो. धार लागली की तो जातो, आणि मे महिन्याच्या चाळीस-बेचाळीस अंशांत श्यामला हिल्सचा चढ दुसऱ्या गिअरमध्ये चढणाऱ्या इंजिनाला हाताशी काहीच उरत नाही. काट्याचं म्हणाल, तर त्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच तो खरं सांगतो. पाणी सेन्सरच्या खाली उतरलं की काटा निवांत खाली बसलेला असू शकतो, आणि तोवर अॅल्युमिनियमचं हेड वाकायला लागलेलं असतं.

सील मुळात खराब का होतं, याचं उत्तर आणखी एका समजुतीत सापडतं: भोपाळात बर्फ कुठे पडतो, मग कूलंट हवाच कशाला? पाणी गोठू न देणं हे कूलंटचं एक काम झालं. आपल्याकडे त्याहून मोलाची आहेत ती त्यातली गंजरोधक द्रव्यं. इंजिनात लोखंड आणि अॅल्युमिनियम एकाच पाण्यात भिजत असतात. नुसत्या पाण्यात ते झिजतात, गंजाचे कण सुटतात. त्यात बोअरचं जड पाणी ओतलं की क्षारांची पापुद्री धरते. हेच कण सीलच्या चकत्यांवर सँडपेपरसारखे घासतात. आरओचं पाणी क्षारांचा प्रश्न बराच कमी करतं, गंजाचा नाही. उन्हाळ्यात थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्लाही असाच आहे. त्याने सील वाचत नाही, फक्त थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो आणि पेट्रोल जास्त जळतं.

खर्चाचा आक्षेप मात्र गंभीरपणे घ्यायला हवा. जुन्या गाडीत किती पैसे घालायचे, हा रास्त प्रश्न आहे. म्हणून आधी गळती पंपाचीच आहे ना, हे पाहावं. होज पाइपाची सैल क्लिप बदलून काम भागत असेल तर पंपाला हात लावायचं कारण नाही. इंजिन गार असताना टॉर्च लावून पुलीच्या मागे, खालच्या अंगाला बघावं. वाळलेल्या पाण्याचा पांढुरका किंवा हिरवट ओघळ तिथून सुरू होत असेल, किंवा बेल्ट सैल करून पुली हाताने हलवल्यावर डुगडुगत असेल, तर पंप बदलायलाच हवा. नवा पंप, पॅकिंग आणि मजुरी यांचा खर्च वाकलेलं हेड उतरवून सपाट करण्याच्या खर्चापेक्षा खूपच कमी असतो. नुसतं सील बदलून देणारे कारागीर आहेत, पण बेअरिंगमध्ये पाणी शिरलेलं असेल तर ते काम फार दिवस टिकत नाही. ज्या इंजिनांत पंपासाठी टायमिंग बेल्ट उतरवावा लागतो, तिथे जुना बेल्ट परत चढवणं ही खोटी काटकसर. मजुरी तर दिलेलीच असते. नवा बेल्टही गरजेपेक्षा जास्त ताणू नये, तो ताण थेट पंपाच्या बेअरिंगवर येतो.

भरताना कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर डब्यावर लिहिलेल्या प्रमाणात घ्यावं आणि सिस्टिममधली हवा नीट काढून घ्यावी. नव्या पंपातून पहिल्या काही दिवसांत एखाद-दुसरा थेंब आला तर घाबरू नये; चकत्या एकमेकींवर बसेपर्यंत तसं होतं. काढलेलं जुनं कूलंट मात्र गटारात किंवा मातीत ओतू नये. एथिलीन ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असतं, आणि गल्लीतलं कुत्रं ते चाटून मरू शकतं. झाकणाच्या डब्यात भरून ते गॅरेजवाल्याकडेच द्यावं आणि टाकाऊ तेलापासून वेगळं ठेवायला सांगावं.