लय कोणाची चुकली?

गेल्या गणेशोत्सवात आमच्या मंडळातले ८१ वर्षांचे एक काका नाट्यपद गायला बसले. अंतरा सुरू झाला आणि स्पीकरमधून टक्‌ टक्‌ असे आवाज येऊ लागले. मधूनच स्वर तुटे. काका थांबले, पाणी प्यायले, पुन्हा गाऊ लागले, पुन्हा तेच. शेवटी हात जोडून खाली उतरले आणि मला म्हणाले, "गळा गेला रे आता. पुढच्या वर्षी मला बसवू नकोस."

ध्वनिव्यवस्था माझ्याकडे होती. अभियांत्रिकीतली डॉक्टरेट पदरी असूनही त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही. ते शोधायला पुढचे तीन शनिवार गेले. हल्ली बरीच मंडळे अशीच व्यवस्था करू लागली आहेत, म्हणून ही हकिगत सविस्तर सांगतो.

पूर्वी रंगमंचापासून सभागृहाच्या मागच्या टोकाला असलेल्या मिक्सरपर्यंत प्रत्येक माईकची वेगळी तार जाई. सोळा तारांचा तो अजगर उचलायला दोन धडधाकट सभासद लागत. आता रंगमंचावर एक डबा ठेवतात. माईक त्याला जोडायचे. डबा आवाजाचे आकडे करतो आणि ते इथरनेटच्या एकाच केबलमधून मिक्सरकडे जातात. सिडनीच्या ऑडिनेट कंपनीची 'दान्ते' ही यातली बरीच प्रचलित पद्धत. निरनिराळ्या पद्धतींच्या उपकरणांना एकमेकांशी बोलता यावे म्हणून २०१३ साली 'एईएस ६७' हे मानकही प्रसिद्ध झाले.

माझा पहिला संशय केबलमधल्या गर्दीवर होता. पण हिशेब करून पाहा. एका माईकचे सेकंदाला ४८,००० नमुने, प्रत्येक नमुना २४ बिटांचा. म्हणजे सेकंदाला सुमारे साडेअकरा लाख बिट. सोळा माईकचे झाले दोन कोटींच्या आत. गिगाबिट केबलची क्षमता सेकंदाला १०० कोटी! म्हणजे रस्ता जवळजवळ रिकामाच होता.

खरी अडचण वेळेची असते. डब्यात एक घड्याळ असते, मिक्सरमध्ये दुसरे. दोन्ही स्फटिकांची, पण तंतोतंत सारखी नव्हेत. दहा लाखांत ५० इतकाच फरक धरला, तरी सेकंदाला दोन-अडीच नमुने कमी किंवा जास्त पडतात. थोड्या वेळात साठा तरी संपतो, नाहीतर ओसंडतो, आणि आपल्याला 'टक्‌' ऐकू येते. तबलजी आणि पेटीवाला आपापल्या लयीत वाजवू लागले तर काय होईल, तेच हे.

यावर उपाय असा, की एका उपकरणाने लय धरायची आणि बाकीच्यांनी ती पाळायची. प्रमुख उपकरण आपली वेळ कळवते. इतर उपकरणे निरोप जायला-यायला किती वेळ लागला ते मोजतात, त्याचे निम्मे करतात आणि आपले घड्याळ जुळवून घेतात. हे सेकंदाच्या दहा लाखाव्या भागापर्यंत जुळते. मात्र यात एक गृहीत आहे: निरोपाला लागणारा वेळ दर खेपेला साधारण सारखाच असला पाहिजे.

नेमके तेच आमच्याकडे घडत नव्हते. मी घेतलेला स्वस्त स्विच वीज वाचवणारा होता. केबलमध्ये क्षणभर शांतता झाली की तो डुलकी घेई. जागे व्हायला त्याला काही मायक्रोसेकंदच लागत, पण निरोप कधी वेळेवर, कधी उशिरा पोचे. बिचारी घड्याळे लय शोधत राहत. घरी तळघरात सगळे सामान मांडून पाहिले, तेव्हा मिक्सरबरोबरच्या सॉफ्टवेअरमध्ये घड्याळ सुटल्याच्या नोंदी दिसल्या. ही सोय बंद करता येईल असा स्विच आणला आणि चार तास भजने वाजवली. एकही 'टक्‌' नाही.

मंडळी, अनुभवातून शिकलेले थोडक्यात सांगतो. आवाजासाठी स्वतंत्र गिगाबिट स्विच ठेवा. त्याला शाळेचे किंवा घरचे नेटवर्क जोडू नका. वीजबचतीची सोय बंद करा. स्विचमध्ये अग्रक्रम ठरवता येत असेल, तर पहिला मान घड्याळाच्या निरोपांना, दुसरा आवाजाला द्या. सगळी उपकरणे ४८,००० नमुन्यांवरच लावा. पत्ते उपकरणांना आपापले घेऊ द्या. अर्धे हाताने आणि अर्धे आपोआप असा घोळ करू नका. एकच केबल १०० मीटरपेक्षा लांब नको. वायरलेसच्या मोहात पडू नका. आणि मुख्य म्हणजे, पाच मिनिटांच्या चाचणीवर समाधान मानू नका. मी तीच चूक केली होती.

चौथ्या शनिवारी डबा, स्विच आणि स्पीकर गाडीत घालून काकांच्या घरी गेलो. "काका, गळा तुमचा नव्हता बिघडला, स्विच माझा बिघडला होता," म्हणालो आणि माईक पुढे केला. त्यांनी तेच पद अखेरपर्यंत म्हटले. काकू स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर येऊन उभ्या राहिल्या.

"अरे, मग तेव्हाच सांगायचे नाहीस का?" काका म्हणाले. "महिनाभर रियाज बंद ठेवला मी!"

यंदाच्या कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्या नावापुढे दोन पदे आहेत.