विवरणपत्रांतील उत्पन्न व शेतकरी

शेतीच्या उत्पन्नावर प्राप्तिकर नाहीं, हें वाक्य आपल्याकडे सर्वतोमुखीं आहे व तें खरेंही आहे. सन १८८६ च्या कायद्यानें शेतीचें उत्पन्न करांतून वगळलें, तें आजतागायत वगळलेलेंच आहे. परंतु 'म्हणून विवरणपत्रांत शेतीचें नांवच नको', असें जें अनुमान पुष्कळ लोक काढतात, तें मात्र चुकीचें होय. ज्यांस उसाच्या बिलाशिवाय दुकान, पेन्शन अथवा ठेवींचें व्याज येतें, त्यांस ही समजूत महाग पडते.

विवरणपत्रांत प्रथम पगार वा पेन्शन, घरभाडें, धंदा, भांडवली नफा व इतर, अशा पांच सदरांची बेरीज येते. तिला 'सकल एकूण उत्पन्न' म्हणतात. त्यांतून कायद्यानें दिलेल्या वजावटी गेल्या म्हणजे 'एकूण उत्पन्न' राहतें. शेतीचा आकडा या दोहोंतही नसतो. तो करमुक्त उत्पन्नाच्या स्वतंत्र अनुसूचींत लिहावयाचा असून, करांचा दर ठरविण्यापुरता तेथून पुढें घेतला जातो. ही रीत के. एन. राज समितीच्या १९७२ च्या शिफारशीनंतर १९७३ च्या वित्त कायद्यानें आली. निव्वळ शेतीउत्पन्न ५,००० रुपयांवर आणि इतर उत्पन्न करमुक्त मर्यादेवर असेल, तरच ती लागू होते.

उदाहरणार्थ, कराडच्या पेठेंत दुकान असलेल्या एखाद्या बागाईतदाराचें २०२५-२६ या वर्षाचें एकूण उत्पन्न १२ लाख व निव्वळ शेतीउत्पन्न ३ लाख आहे असें समजूं. नव्या करपद्धतींत १२ लाखांपर्यंत कर नाहीं, असें तो ऐकून असतो. परंतु हिशेब असा होतो : १५ लाखांवरील कर १,०५,००० रुपये. त्यांतून शेतीचे ३ लाख व करमुक्त ४ लाख मिळून ७ लाखांवरील कर १५,००० वजा केला, म्हणजे ९०,००० राहिले. सूट अधिकांत अधिक ६०,००० ची. सबब ३०,००० रुपये कर व त्यावर शेंकडा ४ प्रमाणें १,२०० उपकर, असे ३१,२०० भरावे लागतात. शेतीवर कर बसला नाहीं. शेतीमुळें दुकानाच्या उत्पन्नाचा दर चढला, इतकेंच.

शेतीउत्पन्न कोणतें, हेंही नीट पाहावें. हळद शिजवून व वाळवून बाजारास योग्य करणें ही शेतकऱ्याची नेहमींची क्रिया असल्यानें तें उत्पन्न शेतीचेंच. जमीन कसावयास दिल्याचा खंडही शेतीचाच. दुधाचा वा कोंबड्यांचा धंदा मात्र शेतींत मोडत नाहीं. गोठा स्वतःच्या शेतांत असला तरीही नाहीं. निव्वळ म्हणजे बीं, खत, मजुरी, पाणीपट्टी व शेतसारा वजा जाऊन उरलेलें. सातबाऱ्यावरील 'आकार' हा साऱ्याचा आकडा आहे, उत्पन्नाचा नव्हे.

शेतीउत्पन्न ५,००० हून अधिक असल्यास 'सहज' हा सोपा नमुना चालत नाहीं. ५ लाखांहून अधिक असल्यास जिल्हा, पिनकोड, जमिनीचें एकरांतील क्षेत्र, ती मालकीची कीं खंडाची, बागाईत कीं जिराईत, हें सर्व लिहावें लागतें. सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर-आरांत असतें. एक हेक्टर म्हणजे सुमारें २.४७ एकर, हें ध्यानांत ठेवावें.

यास्तव कारखान्याचीं उसाचीं बिलें, अडत्याच्या पट्ट्या व खतांच्या पावत्या वर्षवार एकत्र ठेवाव्या. आपला आकडा आपण पुराव्यानिशीं लिहिला, तर पुढें विचारणा झाली तरी उत्तर तयार असतें. आणि विवरणपत्र दुसऱ्याकडून भरून घेतलें तरी तें वाचल्याशिवाय पुढें जाऊं देऊं नये, कारण त्याची जबाबदारी ज्याच्या नांवें तें आहे त्याच्यावरच राहते.