सोरायसिस : पेशींची अनावर वाढ आणि आपले कर्तव्य

अंगावर लालसर चट्टे आणि त्यांवर अभ्रकासारखे पापुद्रे दिसले, की पुष्कळांना कुष्ठरोगाची शंका येते. मग घरात ताट वेगळे होते, सोयरीक अडते. वास्तविक असे चट्टे अनेकदा सोरायसिसचे असतात. हा रोग स्पर्शाने, कपड्यांनी वा एका ताटात जेवल्याने लागत नाही. कुष्ठरोगाच्या चट्ट्यावर बहुधा बधिरता येते. सोरायसिसच्या चट्ट्यावर संवेदना शाबूत असते. निदान मात्र डॉक्टरांकडूनच करून घ्यावे.

मग कातडीत बिघडते काय? कातडीच्या तळच्या थरात नव्या पेशी जन्मतात आणि सुमारे महिनाभरात वर येऊन गळून पडतात. पेशींना वाढीचा हुकूम देणाऱ्या प्रथिनांना ‘वृद्धिघटक’ म्हणतात. अशा घटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोंटालचिनी यांना १९८६ साली नोबेल पारितोषिक मिळाले. वृद्धिघटक म्हणजे कोतवालाची दवंडी समजली, तर ती ऐकणारे पेशीच्या पृष्ठभागावरील कान म्हणजे ‘ग्राही’ होत. निरोगी कातडीत हे ग्राही मुख्यतः तळच्या थरात आढळतात. पेशी वर सरकली की ते कमी होतात आणि वाढ थांबते. सोरायसिसमध्ये ते वरच्या थरांतही टिकून राहतात, शिवाय कातडीतच वृद्धिघटक जास्त तयार होतो, असे १९८० च्या दशकातील संशोधनात दिसून आले. परिणामी महिन्याचे काम चार-पाच दिवसांत उरकते आणि कच्च्या पेशींचे थर साचतात. रक्तवाहिन्या वाढविणारा दुसरा घटक चट्ट्याला लाली आणतो.

या गोंधळामागे शरीराची बिथरलेली संरक्षणव्यवस्था असते. म्हणूनच आजची नवी इंजेक्शने तिचे संदेश अडवितात. ती महाग आहेत. परंतु मलमे, प्रकाशोपचार व मेथोट्रेक्सेट यांनीही अनेकांचा रोग आटोक्यात राहतो. मेथोट्रेक्सेट घेताना रक्ततपासणी आवश्यक असते. स्टेरॉइडच्या गोळ्या मनाने घेऊन एकाएकी बंद केल्यास रोग उसळू शकतो. सांधे दुखत असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

या रोगात आनुवंशिकतेचा वाटा असतो, मागील जन्मीच्या पापाचा नसतो. पूर्वजन्मीच्या कर्माची ही कल्पना बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात नाकारली आहे. त्याच ग्रंथात कुष्ठरोगी सुप्रबुद्धाची कथा आहे. अन्न मिळेल या आशेने तो सभेजवळ गेला आणि तथागतांनी त्याला धम्म सांगितला. आपल्या अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धन यांनी १९४६ मध्ये तपोवन येथे कुष्ठरुग्णांच्या सेवेचे कार्य उभारले. खऱ्या कुष्ठरुग्णालाही ज्या शहराने जवळ केले, तेथे न लागणाऱ्या रोगासाठी कोणाला दूर ठेवावे, हे आपणांस शोभत नाही. विटाळाचे दुःख आपल्या वाडवडिलांनी सोसले आहे. तेव्हा राजापेठेतील प्रत्येक बौद्ध घराने अशा रुग्णाला विहारात आपल्या शेजारी बसवावे आणि त्वचारोगतज्ज्ञाकडे जाताना त्याची सोबत करावी.